अकरा वर्षांचा नत्थू

पुस्तकातला नत्थू अकरा वर्षांचा होता आणि कोणाच्या बापाला भीत नव्हता. खरा नत्थू ऐंशीचा होता, पवनारच्या आपल्या घरात खुर्चीवर बसला होता, आणि सकाळपासून त्याला स्वतःच्या पोरांची धास्ती वाटत होती.

टेबलावर मेघाच्या कादंबरीची प्रुफं पडली होती. 'पपईची पिपाणी', मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी. आंजीला शिक्षिका असलेल्या या धाकट्या लेकीनं दोन उन्हाळे बापाजवळ बसून, विचारून विचारून ती लिहिली होती. आपण ऐतिहासिक झालो हे नत्थूला पहिल्या पानावरूनच कळलं. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढताना तसं कधी जाणवलं नव्हतं.

गोष्ट साधी होती. साल पंचावन्न-छप्पन्न, आंजीच्या पलीकडचं गाव. शाळेत पाटलाची इंदिरा आत बसते, नत्थू वऱ्हांड्यात. आतून ती प्रार्थना म्हणते, बाहेर तो पपईच्या देठाच्या पिपाणीवर तीच चाल काढतो. मग तो नवी चाल टाकतो आणि ती आतून गुणगुणते. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, पण वर्षभर ही देवघेव चालते. नत्थूचा बाप चिंधू गावच्या लग्नांत सनई वाजवतो. गावानं जातीवर लादलेलं ते काम. पोरगा बापाची सनई चोरून शिकतो. मग नागपूरला दीक्षा होते, सगळी वस्ती बौद्ध होते आणि ठरवते की यापुढे कोणाच्या दारात वाजवायला जायचं नाही. शेवटच्या प्रकरणात नत्थू धाम नदीच्या काठी उभा राहून सनई आपल्या हातानं पाण्यात सोडतो.

हे शेवटचं प्रकरण अश्विनला आवडलं होतं. अडचण त्याच्या आधीच्या सगळ्या प्रकरणांची होती.

"मेघा, तुले किती वेळा सांगू," अश्विन म्हणाला. तो थोरला, नागपूरला सरकारी इंजिनिअर. "सनई काऊन पाह्यजे? बासरी टाक ना. बासरी कोणीही वाजवते."

"बाबा सनई वाजवत होते, दादा."

"बासरी वाजवली असती त काय बिघडलं असतं?"

हा प्रश्न आपल्याला होता की मेघाला, हे नत्थूला कळलं नाही.

"माह्या ऑफिसातले लोकं वाचतीन. म्हनतीन, साहेबाच्या घरी वाजंत्री होते."

"तुमच्या ऑफिसातले लोक लहान मुलांची पुस्तकं वाचतात?" माधवीनं विचारलं. माधवी अश्विनची बायको. सगळी प्रुफं वाचलेली घरात ती एकटीच होती. अश्विननं जिथं जिथं सनई आली तेवढीच पानं वाचली होती. लाल पेनाच्या खुणांवरून ते दिसत होतं.

"बाबांनी थे सोडलं, हेच त पुस्तक हाये दादा," मेघा म्हणाली. "काय सोडलं थे लिहलंच नाई, त सोडलं काय?"

अश्विनला हे मान्य होतं, म्हणूनच तो चिडला. त्याच्या सनईच्या रागाला ऑफिसापेक्षा जुनं कारण होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आईचा, धुरपताचा, बाप लहानू त्याच गावचा. वस्तीनं वाजवणं सोडल्यावर सहा-सात महिन्यांत पाटलाच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं आणि त्या लग्नात कोणीतरी सनई वाजवली. लहानूनं वचन मोडलं असं वस्तीनं ठरवलं, त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि लहानू बायकापोरं बैलबंडीत घालून हिंगणघाटला गिरणीत कामाला गेला. धुरपता तेव्हा सात वर्षांची होती. मेघा लिहायला बसली तेव्हा धुरपतानं तिला एकच अट घातली होती: माह्या बापाचं नाव नको घालू. म्हणून पुस्तकात लहानू नव्हता.

धुरपता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "जेवाले किती जन हाये?" तिनं विचारलं.

"इंदिराबाई अन् त्यांचा नातू धरून सात," मेघा म्हणाली.

"त्याईले पाटोडी चालते का?"

यावर कोणाचा मतभेद नव्हता. सकाळपासून तेवढा एकच विषय असा निघाला होता.

इंदिराबाईंना बोलावणं भाग होतं. पुस्तकात दोन माणसं खऱ्या नावानं होती आणि दोघंही जिवंत होती. प्रकाशकाला दोघांच्या सहीचं पत्र हवं होतं. मेघानं त्यांना वर्ध्यात शोधून काढलं होतं. नत्थूनं त्यांना शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

गाडीतून उतरल्या त्या काठी टेकत. मागं नातू निशांत, वर्ध्यात वकिली करणारा, हातात प्रुफांची दुसरी प्रत. तिच्यातही खुणा होत्या. त्या पिवळ्या होत्या.

"नत्थू!" इंदिराबाई दारातून म्हणाल्या. "म्हातारा झाला रे तू."

"या इंदिराबाई. बसा तुमी."

अश्विननं तो 'तू' ऐकला आणि तो 'तुमी'ही ऐकला. नत्थूला त्याच्या चेहऱ्यावरून ते कळलं. पण त्याला स्वतःला त्या 'तू'चं वाईट वाटलं नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करणारं आता उरलंय कोण.

चहा झाला आणि निशांतनं चष्मा लावला. "पुस्तक फार सुंदर आहे, मॅडम. आमची हरकत फक्त एका ठिकाणी आहे. पान बेचाळीस. माझ्या पणजोबांनी वाजंत्र्यांना गोठ्यात जेवायला बसवलं, असं आहे. त्या जागी अंगण केलं तर?"

"गोठाच होता," इंदिराबाई म्हणाल्या.

"आजी, तुला एवढं जुनं कसं आठवेल?"

"शेनाचा वास आठवते मले."

"अंगण बरं वाटतं वाचायला," अश्विन मधे पडला. "तुम्ही अंगण म्हणता, मी बासरी म्हणतो. थोडी अदलाबदल केली तर कोणालाच त्रास नाही."

निशांतनं त्याच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. दोन घराण्यांत सत्तर वर्षांत पहिल्यांदाच एकमत होत होतं.

"मंग गोष्ट काय राह्यली?" मेघाचा आवाज चढला.

"एक मुलगा, एक मुलगी, अंगण आणि बासरी," माधवी म्हणाली. "कृष्णाची गोष्ट राहिली."

अश्विननं भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे पाहिलं आणि बासरी मागं घेतली. निशांत एकटा अंगण धरून बसला.

इंदिराबाईंनी तोवर शेवटची पानं उघडली होती. डोळ्यांजवळ धरून त्या सावकाश वाचत होत्या, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पानं मांडीवर ठेवली.

"पोरी, लय चांगलं लिहलं तू," त्या मेघाला म्हणाल्या. "पन शेवट चुकला. यानं सनई तवा नाई फेकली. वैशाखात माह्या ताईच्या लग्नात वाजवली ना यानं."

नत्थूच्या हातात रिकामा कप होता. तो त्यानं बशीत ठेवला, आणि तो नीट बसला आहे ना हे पुन्हा एकदा पाहिलं.

"वर्ध्याचा ब्यांड येनार होता," इंदिराबाई सांगत राहिल्या; आपण काय सांगतोय याची त्यांना कल्पनाच नव्हती. "त्याईची गाडी रस्त्यात बंद पडली. वाजा नाई तं लग्न कायचं, म्हनून ताई रडत बसली. मी मांगच्या दारानं धावत गेली. हा कडब्याच्या गंजीपाशी उभा होता. तवा पयल्यानं बोलली मी याच्याशी. म्हनलं, ताई रडून राह्यली. यानं काईच नाई म्हनलं. पन मी मांडवात पोचतच होती का गंजीमांगून सनई सुरू झाली."

स्वयंपाकघराच्या दारात धुरपता उभी होती.

"त्या लग्नात माह्या बापानं वाजवली होती," ती म्हणाली.

"कोन, लहानूनं? नाई व बाई. लहानू त्या दिवशी गावात दिसलाबी नाई."

माणसं दोनच होती त्या वस्तीत सनई वाजवणारी, चिंधू आणि लहानू. चिंधू लग्नाच्या वेळी सगळ्या वस्तीसमोर सभेत बसला होता, शंभर माणसांनी त्याला पाहिलं होतं. लहानू तापानं घरी पडला होता, त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. दोनातून एक वजा केला की लहानू उरत होता. अकरा वर्षांचं पोरगं हिशेबात धरायचं कोणाला सुचलं नाही.

"मी वाजवली," नत्थू म्हणाला.

एकोणसत्तर वर्षं त्यानं हे वाक्य बरंच मोठं असेल अशी कल्पना केली होती. ते दोनच शब्दांत संपलं.

"तुमी तवाच काऊन नाई बोलले बाबा?" अश्विननं विचारलं.

"बोलाचं होतं. पन माह्या बानंच सगळ्याईले वचन देवाले लावलं होतं. मले म्हने सनई नदीत टाकून ये, मी कडब्यात लपवून ठेवली. अन् लहानूकाकाचं नाव निघालं तं मी म्हनलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशीबी म्हनलं, उद्या सांगतो. पाच दिवस उद्या-उद्या म्हनत राह्यलो. मंग त्याईची बंडी गेली. थ्या संध्याकाळी सनई टाकली नदीत."

"मी दोन उन्हाळे विचारलं तुमाले," मेघा हळू आवाजात म्हणाली.

"तू विचारलं, कुठं टाकली. थे म्या बराबर सांगतलं. महिना तेवढा चुकला."

मेघानं प्रुफं गोळा केली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "हे नाई येऊ शकत पुस्तकात. लहान मुलांचं पुस्तक हाये. माहा नत्थू असा नाई."

"काऊन नाई येऊ शकत?" अश्विन उभाच राहिला. "सकाळपासून सनई पाह्यजे, सनई पाह्यजे करत होती ना? आता लिही. माह्या आबाजीचं नाव लिही. मामाचे पोट्टे मान खाली घालून राह्यले आपल्या लग्नाकार्यात. काऊन? का आबाजीनं वचन मोडलं. आता छापलंच पाह्यजे हे पुस्तक."

"सकाळी तुम्ही सनई काढा म्हणत होतात," माधवी म्हणाली.

"सकाळ वेगळी होती."

निशांतनं घसा साफ केला. "म्हणजे बघा, लग्नाच्या तारखेबद्दल जर वाद असेल—"

"तू चूप राय," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. काठी घेऊन त्या उठल्या आणि धुरपतापाशी गेल्या. "मले मालूम नव्हतं बाई. लहानू गेला एवढंच समजलं होतं, काऊन गेला थे आमच्या घरी कोनी बोललं नाई. मीच याले वाजवाले लावलं. माहा दोष हाये."

"तुमी दहा वर्षाच्या होत्या," धुरपता म्हणाली.

"थो बी अकराचाच होता."

"हाव. अकराचा होता. पन मंग बाराचा झाला. तेराचा झाला. चोवीसाचा झाला तवा माह्या दारात आला."

इंदिराबाईंनी मेघाकडून पत्र मागून घेतलं, सही केली, आणि गोठ्याचा गोठाच राहू दे असं नातवाच्या देखत सांगितलं. जेवायला मात्र थांबल्या नाहीत. दारातून निघताना म्हणाल्या, "बरं वाजवलं होतं तू, नत्थू," आणि हे बोलायला नको होतं असं वाटून घाईनं गाडीत बसल्या.

नत्थू स्वयंपाकघरात गेला. धुरपता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तो दाराला टेकून थांबला. लग्नाला छप्पन्न वर्षं झाली होती आणि या स्वयंपाकघरात कुठं उभं राहायचं हे त्याला पहिल्यांदाच कळत नव्हतं.

"मले पाहाले आलते थे याच्यासाठी?" तिनं न वळता विचारलं.

खोटं बोलायची सवय जुनी होती, पण आता ती उपयोगाची नव्हती. "हाव," तो म्हणाला. "पयल्या दिवशी याच्यासाठीच आलतो. तुह्या बापाले सांगाले. त्याईनं बस म्हनलं, च्या घे म्हनलं. तू पानी घेऊन आली. अन् सांगनं राहून गेलं."

"मंग लग्न काऊन केलं? पापाची भरपाई?"

"नाई. भरपाई कराची असती तं सांगून टाकलं असतं. सांगतलं असतं तं तुह्या बापानं तुले देल्ली नसती. म्हनून नाई सांगतलं."

धुरपता वळली. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, भाजीवाल्याकडचं वांगं किडकं आहे की नाही हे पाहावं तसं.

"छप्पन्न वर्षं मी तुमच्या मानसाईत खाली पाहून बसली," ती म्हणाली. "कोनी सनईचं नाव काढलं का मी उठून आत जाओ. तुमी पाहत होते. उठून आत जाताना पाहत होते ना मले?"

"पाहत होतो."

तिनं गॅस बंद केला. पाटोडीचा रस्सा डब्यात ओतला, झाकण दाबलं. "चला. मले सांगून काई होत नाई. शाळा माह्या भावाची सुटली. चवदा वर्षाचा होता थो. रामाजीले सांगा."

"आज?"

"मंग काय उद्या?"

अश्विननं गाडी काढली. सेवाग्राम गेलं, पुढं दोन्ही बाजूंना कपाशी लागली. पाच माणसं तासभर एका गाडीत होती आणि कोणीही पुस्तकाबद्दल बोललं नाही. एकदा मेघानं पर्समधून वही काढली, आईकडे पाहिलं आणि परत ठेवली.

रामाजी त्र्याऐंशीचा होता. हिंगणघाटच्या गल्लीत घरासमोर खाट टाकून तो उन्हात बसला होता. बापाच्या जागी गिरणीत लागला होता, ती गिरणीही बंद पडून किती वर्षं झाली. मशीनच्या आवाजानं कान गेले होते. बहीण आणि मेव्हणे असे अवचित आलेले पाहून तो हरखला, सरकून खाटेवर जागा केली.

नत्थू बसला. गाडीत त्यानं मनाशी वाक्यं जुळवली होती. "रामाजी, तुह्या बापाचा मी गुन्हेगार हाये," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"काय?"

"म्हनलं, तुह्या बापाचा गुन्हेगार!"

"कोन?"

"मी! थ्या लग्नात सनई मी वाजवली होती! तुह्या बापानं नाई!"

समोर कपडे वाळत घालणारी शेजारीण अनुसयाबाई हातात ओलं लुगडं घेऊन थांबली. दोन घरांतून माणसं बाहेर आली. नत्थूला सगळं पुन्हा एकदा, त्याहून जोरात सांगावं लागलं: गंजी, लग्न, पाच दिवस, बंडी. जे त्यानं आज सकाळपर्यंत एका माणसालाही सांगितलं नव्हतं, ते तो आता गल्लीला ओरडून सांगत होता. सांगून झाल्यावर त्याचा घसा बसला.

रामाजीनं मान हलवली. "मालूम हाये," तो म्हणाला.

धुरपता पायरीवर बसली.

"बाप तापात पडला होता," रामाजी म्हणाला. "सनई वाजली तसा उठून बसला. मले म्हने, हे चिंधूचं पोट्टं हाये. चाल चिंधूची हाये, पन फुंक लेकराची हाये."

"मंग आबाजी वस्तीसमोर काऊन नाई बोलले?" अश्विननं त्याच्या कानाशी वाकून विचारलं.

"काय बोलाचं? लेकराचं नाव घ्याचं? मायनं लय भांडन केलं. बाप म्हने, थे पोट्टं शाळेत हाये, वस्तीनं वाळीत टाकलं तं शिकनार नाई. मी काय, मी कुठंबी काम करन."

"मले काऊन नाई सांगतलं?" धुरपतानं विचारलं. तिचा आवाज एवढा चिरका निघाला की रामाजीला तो पहिल्याच वेळी ऐकू आला.

"आंदी तू लहान होती. मंग हा तुले मांगाले आला. बाप म्हने, पोरगा चांगला शिकला, नोकरीले लागला, द्या पोरगी. एकदा नांदाले गेली तं काय सांगाचं? नांदनं मोडाले?" त्यानं बहिणीकडे पाहिलं. "बापाचा याच्यावर राग नव्हता. राग लोकाईवर होता. मरेपर्यंत होता."

"वाळीत टाकलं म्हणून," मेघा म्हणाली.

रामाजीला ते ऐकू आलं नाही. "गिरनीतून आला का बसून म्हने, लोकाईले कान नव्हते का रे? मधात सूर तुटला होता. माह्या हातून असा सूर तुटन का कधी? एवढे वर्षं आयकलं मले, अन् म्हनते, हे लहानूनं वाजवलं!"

नत्थू खाटेच्या कडेवर बसून होता. "तुटला होता," तो म्हणाला, आणि मग ओरडून म्हणाला, "तुटला होता! दम नाई पुरला!"

"थेच म्हने बाप," रामाजी म्हणाला. "पोट्टं हाये म्हने. पुरन हळूहळू."

ऐंशी वर्षांचा नत्थू मेव्हण्याच्या खाटेवर बसून हुंदके देऊन रडू लागला. बापाला असं अश्विननं कधी पाहिलं नव्हतं. गाडी कोणाच्या आड येत नाही ना हे बघायला तो गल्लीच्या तोंडाशी गेला. गल्लीत दुसरी गाडी नव्हती. तो तिथंच आपल्या गाडीला हात लावून उभा राहिला. अनुसयाबाईनं लुगडं दोरीवर टाकलं आणि ती घरात गेली.

रामाजी गोंधळून नत्थूकडे पाहत होता. आपल्या बोलण्यात रडण्यासारखं काय होतं, हे त्याच्या लक्षात येईना.

"याले काय झालं?" त्यानं बहिणीला विचारलं.

धुरपता पायरीवरून उठली आणि नवऱ्याच्या बाजूला, खाटेवर उरलेल्या जागेत बसली.

"काई नाई," ती भावाला ऐकू जावं म्हणून जोरात म्हणाली. "थोडा उशीर झाला."